विरजण, मुरघास आणि उसाची मोळी: लॅक्टिक आम्लाचं काम

चांगल्या मुरघासाची, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याची, पिशवी उघडली की आंबूस, किंचित गोडसर वास येतो आणि गोठ्यातल्या म्हशी त्या दिशेने माना लांबवतात. बिघडलेल्या मुरघासाचा वास कुजका असतो, हाताला बुळबुळीतपणा लागतो आणि जनावर तोंड फिरवतं. मका त्याच शेतातला, कुट्टी त्याच यंत्रातली, पिशव्याही एकाच दुकानातल्या. फरक पडतो तो भरल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत आत कोणत्या जिवाणूंची सरशी झाली यावर.

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला, मंगळवेढा, करमाळा या भागात हिरवा चारा वर्षभर पुरत नाही, म्हणून मुरघास हा दूध धंद्याचा मोठा आधार झाला आहे. तो का टिकतो हे एकदा नीट कळलं की घरातलं दही, कारखान्याच्या गव्हाणीपाशी ताटकळणारा ऊस आणि दवाखान्यातली सलाईनची बाटली यांचाही उलगडा होतो. या सगळ्यांत एकच आम्ल आहे: लॅक्टिक आम्ल.

मक्याच्या पानाखोडांवर नाना तऱ्हेचे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी आधीपासून असतातच. कुट्टी तुडवून, दाबून भरली आणि तोंड घट्ट बांधलं, की आत राहिलेला प्राणवायू मक्याच्याच जिवंत पेशी श्वसनासाठी वापरून टाकतात. मग पाळी येते प्राणवायूवाचून वाढणाऱ्यांची. त्यात एक गट साखर खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतो. दुसरा गट क्लॉस्ट्रिडियमचा. तो साखरेबरोबर प्रथिनंही कुजवतो आणि त्यातून दुर्गंधी ब्युटिरिक आम्ल आणि अमोनिया तयार होतो. पहिल्या गटाला भरपूर साखर मिळाली तर तो झपाट्याने वाढतो आणि चाऱ्याचा सामू ६ च्या आसपासवरून ४ पर्यंत खाली आणतो. सामू हे आम्लतेचं माप आहे. ७ म्हणजे ना आंबट ना खारं, आकडा जितका खाली तितकी आम्लता जास्त, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. म्हणजे ६ वरून ४ वर येणं ही शंभरपट वाढ झाली. इतक्या आंबटपणात क्लॉस्ट्रिडियमला वाढता येत नाही. पुढे आम्ल इतकं साठतं की ते बनवणारे जिवाणूही मंदावतात. पिशवीतली उलाढाल थांबते आणि चारा महिनोन्‌महिने टिकतो.

मुरघासाचे नियम यातूनच आलेले आहेत. कणसातले दाणे चिकातून पिठूळ होऊ लागले की मका कापायचा, कारण तेव्हा त्यात साखर असते आणि पाणीही बेताचं, म्हणजे साधारण ६५ ते ७० टक्के असतं. त्याहून ओला मका भरला तर तळाशी पाणी सुटतं आणि क्लॉस्ट्रिडियमचं फावतं. फार वाळलेला भरला तर तो दाबला जात नाही, आत हवा राहते आणि बुरशी धरते. लसूणघासाचा मुरघास एकट्याने जमत नाही, कारण त्यात साखर कमी असते आणि त्यातली प्रथिनं व क्षार तयार झालेलं आम्ल शोषून घेतात. म्हणून त्यात मळी किंवा गूळ मिसळतात. पिशवीला उंदराने पाडलेलं भोक त्याच दिवशी बुजवायचं तेही याचसाठी: हवा शिरली की यीस्ट आणि बुरशी जागे होतात, लॅक्टिक आम्लच खाऊन टाकतात, सामू वर चढतो आणि सगळी राखण संपते.

या जिवाणूंचं जगणं अगदी साधं आहे. ग्लुकोजच्या एका रेणूत सहा कार्बन असतात. तो तोडून ते तीन-तीन कार्बनचे लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बनवतात. यात त्यांना ऊर्जा फार थोडी मिळते, म्हणून पोट भरायला त्यांना खूप साखर संपवावी लागते, आणि जितकी साखर संपते तितकं आम्ल बाहेर पडतं. तेच आम्ल शेजारच्या जिवाणूंना हुसकावतं. कार्ल शील या स्वीडिश औषधविक्रेत्याने १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून हे आम्ल पहिल्यांदा वेगळं काढलं. ते आपोआप तयार होत नाही, एक सूक्ष्म सजीव ते बनवतो, हे लुई पाश्चरने १८५७ मध्ये मांडलं. पुढे १८७८ मध्ये जोसेफ लिस्टरने आंबलेल्या दुधातला असा जिवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकं रूढ करणारे लिस्टर ते हेच.

दह्यात हेच घडतं, फक्त साखर दुधातली असते. ताज्या दुधाचा सामू ६.६ च्या आसपास असतो. जिवाणू आम्ल सोडत जातात आणि सामू ४.६ च्या जवळ आला की दुधातलं केसीन हे प्रथिन विरघळलेलं राहू शकत नाही, त्याचं जाळं तयार होतं आणि दही लागतं. घरच्या विरजणात जिवाणूंच्या अनेक जाती एकत्र नांदतात. त्यातल्या काहींना ३० अंशांची ऊब आवडते, काहींना ४० ते ४५. सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेर पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा स्वयंपाकघरातच दुसऱ्या गटाला हवी तशी ऊब असते. त्या दिवसांत थंडीतल्या मापाने विरजण घातलं तर दही काही तासांत लागतं आणि संध्याकाळपर्यंत तोंडात घालवत नाही इतकं आंबतं. उपाय सोपा आहे. विरजण अगदी थोडं घालावं आणि दही लागताक्षणी ते गारव्याला ठेवावं. दूध आधी उकळायचं त्याला दोन कारणं आहेत. विरजणाच्या जिवाणूंचे स्पर्धक मरतात हे एक. शिवाय दुधातली निवळीची प्रथिनं उष्णतेने उलगडून केसीनला चिकटतात, त्यामुळे दही घट्ट बसतं.

कधी कधी सगळं नेमकं करूनही दही लागत नाही. अशा वेळी दूध कुठून आलं ते विचारावं. गाईला दगडी, म्हणजे कासदाह झाला असेल आणि सडात प्रतिजैविकाचं औषध सोडलं असेल, तर त्या औषधाचा अंश पुढचे काही दिवस दुधात उतरतो. विरजणाचे जिवाणू त्याला फार नाजूक असतात आणि मरतात. अशा दुधाने डेअरीतली अख्खी टाकी वाया जाऊ शकते, आणि माणसाच्या पोटात गेलेलं ते औषध रोगजंतूंना निर्ढावण्याची संधी देतं. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस विकायचं नाही ते छापलेलं असतं. ते दिवस पाळणं ही माझ्या मते दूध उत्पादकाची ग्राहकाप्रति पहिली जबाबदारी आहे.

ज्वारीच्या आंबिलीकडे आपण थोडं दुर्लक्ष केलं आहे. ताकात ज्वारीचं पीठ रात्रभर भिजवलं की ताकातले जिवाणू पिठातल्या साखरेवर काम सुरू करतात. ज्वारीत फायटिक आम्ल असतं आणि ते लोह, जस्त यांना धरून ठेवतं, शरीराला घेऊ देत नाही. आंबवताना सामू उतरला की ते फोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) काम करायला अनुकूल वातावरण मिळतं आणि धान्यातलं लोह अंगी लागण्याची शक्यता वाढते. मालदांडी पिकवणाऱ्या आणि उन्हात होरपळणाऱ्या जिल्ह्याला याहून योग्य पेय नाही, असं मी मनापासून म्हणेन.

इडलीच्या पिठात थोडा वेगळा प्रकार भेटतो. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापूर शहरात ते पीठ कोणाला नवीन नाही. त्यात ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस नावाचा जिवाणू पुढे असतो. तो साखरेपासून नुसतं लॅक्टिक आम्ल बनवून थांबत नाही, सोबत कार्बन डायऑक्साइड वायूही सोडतो. पीठ फुगतं ते बहुतांशी त्याच्यामुळे.

हाच ल्युकोनॉस्टॉक साखर कारखान्यांचं मोठं नुकसान करतो. ऊस तुटला की कापलेल्या टोकांतून तो आत शिरतो. जळीत ऊस आणि हार्वेस्टरने केलेले छोटे तुकडे यांना जखमा जास्त, म्हणून त्यांत तो लवकर पसरतो. उसातली सुक्रोज म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची जोडी. हा जिवाणू ती जोडी फोडतो आणि ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या गुंफतो. त्या चिकट पदार्थाला डेक्स्ट्रान म्हणतात. साखर तर गेलीच, वर रस घट्ट आणि बुळबुळीत होतो, गाळायला वेळ लागतो, स्फटिक नीट वाढत नाहीत आणि लांबुडके होतात. आणखी एक घोटाळा होतो. रसातली साखर मोजण्यासाठी त्यातून प्रकाश सोडून तो किती वळतो ते पाहतात. डेक्स्ट्रान प्रकाशाला साखरेच्याच दिशेने, पण कितीतरी जास्त वळवतं. त्यामुळे प्रयोगशाळेत रस गोड दिसतो आणि पोत्यात साखर कमी भरते. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळावा असं सांगतात, त्यामागे वाळून घटणारं वजन आहे तसा हा जिवाणूही आहे. उन्हात ट्रॅक्टरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येक मोळीत तो कामाला लागलेला असतो, आणि घटलेल्या साखर उताऱ्याचा भार शेवटी उसाच्या दरावर येतो.

ज्या डेक्स्ट्रानने कारखान्यांना जेरीस आणलं, तेच १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या संशोधकांनी औषध म्हणून वापरात आणलं. रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या शिरांतलं द्रवाचं प्रमाण टिकवायला त्याचं द्रावण देऊ लागले, आणि अशक्तपणात दिल्या जाणाऱ्या लोहाच्या एका प्रकारच्या इंजेक्शनात लोह डेक्स्ट्रानला बांधलेलं असतं.

आता आपल्या शरीराकडे. लॅक्टिक आम्ल जिवाणूच बनवतात असं नाही, आपल्या पेशीही बनवतात. जोरात पळताना स्नायूंना ऊर्जा इतक्या घाईने लागते की प्राणवायूचा सावकाश मार्ग पुरा पडत नाही. मग साखर अर्ध्यावरच तोडली जाते आणि लॅक्टेट, म्हणजे लॅक्टिक आम्लाचंच शरीरातलं रूप, तयार होतं. स्नायूंतल्या या प्रक्रियेच्या अभ्यासाशी निगडित कामासाठी हिल आणि मायरहॉफ या शास्त्रज्ञांना १९२२ चं नोबेल मिळालं. त्यातून पुढे एक समजूत पसरली, की व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग आंबतं ते साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे. ही समजूत चुकीची आहे. रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं आणि तिच्या दुरुस्तीचं असतं. लॅक्टेट टाकाऊही नाही. हृदय ते इंधन म्हणून जाळतं आणि यकृत त्याची पुन्हा साखर करतं.

सलाईनमध्ये लॅक्टेट का घालतात तेही यातूनच कळतं. जुलाब-उलट्यांनी कोरड्या पडलेल्या मुलाच्या रक्तात आम्लता वाढलेली असते. अलेक्सिस हार्टमन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९३० च्या दशकात रिंगरच्या क्षारद्रावणात सोडियम लॅक्टेट घातलं. यकृत ते लॅक्टेट वापरतं तेव्हा रक्तात बायकार्बोनेट तयार होतं आणि आम्लता कमी होते. दवाखान्यात ज्याला आरएल म्हणतात ती हीच बाटली. म्हणून तिच्यावरचं नाव वाचून रुग्णाला आम्ल चढवतायत अशी धास्ती घेऊ नये. रक्ततपासणीत मात्र लॅक्टेटचा आकडा डॉक्टर गंभीरपणे पाहतात. एरवी तो लिटरमागे २ मिलिमोलच्या खाली असतो. जंतुसंसर्ग अंगभर पसरलेल्या रुग्णात तो ४ च्या पुढे गेला, तर ऊतींना रक्त पुरत नसल्याची ती खूण असू शकते आणि मग वेळ घालवून चालत नाही.

जनावरांमध्ये हा धोका फार लवकर येतो. लग्नसराईत उरलेला भात आणि चपात्या जनावरांपुढे ढीगभर टाकल्या जातात, किंवा गाय सुटून धान्याच्या पोत्याशी पोचते. पिष्टमय अन्नाची सवय नसलेल्या कोठीपोटात (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात) लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू एकदम माजतात, सामू ५ च्या खाली जातो आणि चारा पचवणारे उपयुक्त जीव मरतात. जनावर रवंथ थांबवतं, सुस्त होतं, उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांत दगावतं. लॅक्टिक आम्लाचे दोन प्रकार असतात, डाव्या-उजव्या पायाच्या चपलेसारखे: घडण तीच, पण एकावर एक बसत नाहीत. एकाला एल म्हणतात, दुसऱ्याला डी. एल प्रकार शरीर सहज वापरतं, डी फार हळू. कोठीपोटात दोन्ही बनतात आणि डी रक्तात साचत जातं. उरलेलं अन्न वाया जाऊ नये ही भावना चांगली आहे, पण ते थोडं-थोडं, वैरणीबरोबरच द्यायला हवं, आणि जनावर मलूल दिसताच पशुवैद्यकाला बोलवायला हवं.

आरोग्याच्या नावाने हे जिवाणू विकले जातात, तिथे जपून चालावं. नोबेल विजेते इल्या मेचनिकॉव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंबवलेल्या दुधाचा दीर्घायुष्याशी संबंध जोडला, तेव्हापासून दाव्यांना उधाण आलं. भक्कम पुरावा असलेली एक गोष्ट म्हणजे दूध न पचणाऱ्यांना दही सोसतं. आंबताना दुधातली साखर काही प्रमाणात कमी होते आणि उरलेली पचवायला दह्यातल्या जिवंत जिवाणूंचं विकर आतड्यात मदत करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा मान्य केला, तर जिवाणूंच्या नावाने आलेले इतर असंख्य दावे फेटाळले.

बाकी फायदे त्या त्या वाणापुरते असतात. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक निरोगी नवजात बाळांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅक्टोबॅसिलस प्लान्टॅरमचा एक निवडक वाण आणि त्याचं खाद्य असलेली एक साखर मोजून आठवडाभर दिली, तर जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. किती मोठी गोष्ट आहे ही! पण तो निष्कर्ष त्या वाणाचा, त्या मात्रेचा आणि पूर्ण वाढीच्या जवळ असलेल्या बाळांचा आहे. त्याच्या जोरावर बाळाला दुकानातून कुठलीही पुडी आणून देऊ नये. कमी दिवसांच्या, नाजूक बाळांत असे जिवाणू रक्तात शिरून जिवावर बेतल्याच्या घटना घडल्या आहेत. प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांनीही डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावेत. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या कुळाची नव्याने वाटणी होऊन त्याची २५ कुळं झाली. तेव्हा वेष्टनावर अनोळखी लांब नाव दिसलं तर तो नवा शोध आहे असं समजू नये.

एक विषय घरात बोलला जात नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहितो. स्त्रियांच्या योनीमार्गात हे जिवाणू निसर्गतः असतात आणि तिथला सामू ३.८ ते ४.५ च्या दरम्यान ठेवून संसर्ग रोखतात. आतून साबणाने किंवा जाहिरातीतल्या द्रावणांनी धुतल्याने हे संरक्षण जातं. आतली स्वच्छता शरीर स्वतः करतं. तोंडात मात्र हेच आम्ल शत्रू आहे. दातांवरचे जिवाणू साखरेपासून ते बनवतात आणि सामू ५.५ च्या खाली गेला की दातांवरचं कवच विरघळू लागतं. म्हणून साखर किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

उद्योगात लॅक्टिक आम्ल १८८१ पासून अमेरिकेत बनू लागलं. आज त्याचा मोठा हिस्सा पीएलए या प्लास्टिकसाठी जातो. लॅक्टिक आम्लाचे रेणू एकमेकांना जोडून ते बनतं, आणि त्यासाठी एल प्रकार जवळजवळ शुद्ध लागतो. अडचण तीच, मुरघासातली: आम्ल वाढलं की जिवाणू थांबतात. म्हणून टाकीत सतत चुना घालून आम्ल मारत राहतात आणि शेवटी गंधकाम्ल घालून ते परत मोकळं करतात. यात टनभर लॅक्टिक आम्लामागे जवळपास टनभर जिप्सम उरतं. आंबटपणा सोसणारं यीस्ट वापरून चुना वाचवण्याच्या पद्धती आता आल्या आहेत.

उत्तर प्रदेशात एका साखर कंपनीने उसापासून पीएलए बनवण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. साखर आणि इथेनॉलवर उभ्या असलेल्या सोलापूरच्या कारखानदारीने त्याकडे बारकाईने पाहायला हवं, पण जाहिरातीला न भुलता. पीएलए ६० अंशांच्या सुमारास मऊ पडतं, म्हणजे उकळत्या चहाला साधा पीएलएचा पेला चालत नाही. तसंच ते उकिरड्यावर टाकून विरत नाही, त्याला तितक्याच तापमानाची मोठी कंपोस्ट भट्टी लागते. अशी भट्टी आणि कचऱ्याची वेगळी गाडी नसेल, तर त्या पेल्याचा आणि साध्या प्लास्टिकच्या पेल्याचा नाल्यात गेल्यावरचा त्रास सारखाच. शस्त्रक्रियेत टाके घालायला लॅक्टिक आम्लापासून बनलेले जे विरघळणारे धागे वापरतात, तिथे मात्र असा प्रश्नच उरत नाही. शरीर त्यांचं पुन्हा लॅक्टिक आम्ल करतं आणि इंधन म्हणून वापरून टाकतं.